मालक हजर

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. पण ही अंकुशची गोष्ट आहे, आणि माझ्या या मामेभावाला खोटं बोलता येत नाही. त्यासाठी लागते तेवढी कल्पनाशक्ती असती, तर तो तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाला नसता.

आणि ही रात्रीची नाही. अमावस्या नव्हती, कुत्रं रडलं नाही. गेल्या वर्षीचा चौदा मार्च, सकाळचे साडेअकरा, नेपाळच्या सीमेवरचं कस्टमचं ऑफिस.

साहेबाच्या टेबलावर अर्धी खाल्लेली काकडी होती. एवढं त्याला आठवतं.

अंकुश नेपाळात डॉक्टरकी शिकत होता. घरची मोटरसायकल त्यानं रेल्वेच्या पार्सलनं सीमेपर्यंत नेली आणि पलीकडे चालवत गेला. भंडाऱ्यात जिच्याकडे कोणी वळून बघत नव्हतं, ती एमएच ३६ तिथं परदेशी गाडी झाली. परदेशी गाडीला ठरावीक दिवसांचा परवाना लागतो. संपला की पुन्हा सीमेवर जायचं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर मालकाचं संमतीपत्र.

गाडी दुसऱ्याच्याच नावावर होती. चिखला गावच्या तुलारामच्या. त्याच्याकडून ती जुनी घेतली, नाव बदलायचं राहून गेलं. आपल्याकडे राहतंच. तेवढ्यात तुलाराम तापानं गेला. मॅंगनीजच्या खाणीतला माणूस. म्हणे शेवटच्या आंघोळीतही त्याचे तळपाय काळेच राहिले.

"मेलेल्याची सही कोन तपासते बे?" अंकुशचे बाबा, म्हणजे माझे यादोरावमामा, म्हणाले. आणि त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहिलं,

'मी तुलाराम, हयात असून, माझी गाडी अंकुश यास स्वखुशीने देत आहे. जरूर पडल्यास मी स्वतः हजर राहीन.'

"शेवटची ओळ कायले पाहिजे?" मालनमामीनं विचारलं.

"कायद्याची भाषा होय ते. त्याच्याबिगर कागद नंगा दिसते."

मग त्यांनी तुलारामची सही केली. सराव नाही, थांबणं नाही. आरसीबुकाशी जुळवून पाहिली तर...

हुबेहूब.

"मायबीन, रोजचीच असल्यासारखी आली," मामा म्हणाले आणि हसले. मामी हसली नाही.

दोनदा परवाना मिळाला. तिसऱ्यांदा साहेब बदलला होता.

"मालिक को लाओ. दस दिन. नहीं तो गाड़ी जब्त."

अंकुशनं घरी फोन लावला. "बाबा, तुलारामले हजर कराले सांगून राहिले."

"सांगून दे, येऊन राहिला म्हना," मामा म्हणाले. "कोठून येते तो!"

दहावा दिवस चौदा मार्चचा. मालकाला कावीळ झाली, असं सांगायचं अंकुशनं पाठ केलं होतं. पण त्यानं तोंड उघडायच्या आधीच साहेब म्हणाला,

"तुम्हारा मालिक तो आके गया. नौ बजे."

अंकुश हसला. बाकी कोणी हसलं नाही.

एक बाई फरशी घासत होती. दारापासून टेबलापर्यंत काळे ठसे होते. अनवाणी पायांचे. येतानाचे...

जातानाचे नव्हते.

साहेबानं कॉम्प्युटर त्याच्याकडे फिरवला. मालक हजर. खाली सही. बाजूला फोटो.

फोटोत यादोरावमामा होते. घरी घालतात त्या भोकाच्या बनियानवर.

अंकुशनं घरी फोन लावला. मामीनं उचलला.

"निजले हायेत नऊ वाजल्यापासून. हालवलं तरी उठत नाईत. आन अंकुश... मी आत्ताच फरशी पुसली रे. मंग याईचे तळपाय काहून काळे हायेत?"

त्यानं कॉलेज सोडलं, गाडीला किक मारली आणि देशाबाहेरची गाडी देशात आणली. चार दिवस लागले. त्याचा हिशेब सरळ होता. गाडी परदेशी राहिली नाही, की मालकाची गरज संपली. बाबा परत बाबा होतील.

मामा पायरीवर बसले होते. त्यांनी पोराकडे पाहिलंच नाही. गाडीवरून हात फिरवला.

"लय घासली बे माही गाडी. चाल, मले घरी सोड."

"बाबा, हेच आपलं घर होय."

"तू यादोरावचा पोरगा ना? चांगला मानूस होता."

होता...

शेवटी अंकुशनं त्यांना मागं बसवलं आणि चिखल्याला नेलं. एकच आशा होती. तुलारामची बायको देवकाबाई समोरासमोर म्हणेल, हा माझा माणूस नाही. मग तरी भानावर येतील. रस्ताभर मामा मागून वळणं सांगत होते. ते चिखल्याला आयुष्यात एकदाच गेले होते, गाडी आणायला.

देवकाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. ओरडली नाही. डोक्यावर पदर घेतला आणि पाय धुवायला पाणी आणून ठेवलं.

"काकू, हे माहे बाबा होत!" अंकुश रडकुंडीला आला. "सांगा ना त्याईले! पाहिजे तं गाडी वापस घ्या!"

तिनं चावी त्याच्या मुठीत परत दाबली.

"गाडी तुमी इकत घेतली होती, बाप्पा. मानूस मी इकला नवता."

आणि दार लावून घेतलं. हळूच, घरात कोणी दमून आल्यावर लावतात तसं.

याला वर्ष झालं. पोलीस म्हणाले, सज्ञान इसम आहे, राजीखुशीनं राहतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तो वेळेवर घेतो. ज्यांनी तुलारामला खांदा दिला, तेच आता त्याला रामराम घालतात. मामी दर रविवारी डबा घेऊन जाते. तो तिला वहिनी म्हणतो.

मागच्या रविवारी मी तिला घेऊन गेलो. परतताना तलावाच्या पाळीजवळ तिनं गाडी थांबवायला लावली. तुलारामला तिथंच पुरलं होतं.

मामी बराच वेळ त्या मातीकडे बघत राहिली.

"तो तं वर आला," ती म्हणाली. "मंग खाली कोन हाये?"



मग ती वाकली. नवऱ्याला मारतात तशी तिनं हलकेच हाक मारली.

"अवो..."

ती ऐकत राहिली. थोड्या वेळानं मान हलवायला लागली. "हो... हो... आनीन," म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नाही. हे मी शपथेवर सांगतो.

पण काल मामीनं विचारलं, घरात फावडं आहे का.