यंदा रंगकाम

"पावणं, तो वॉशर नळात बसतो. बोटात घालायचा नसतो."

लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मागे उभ्या असलेल्या रक्षिताला राहवलंच नाही. पुढचा माणूस काळा रबरी वॉशर करंगळीत घालून निरखत उभा होता आणि दुकानात ही गर्दी! तो वळला. पावसाने केस कपाळाला चिकटलेले, आणि रागवायचं सोडून चेहऱ्यावर मोकळं हसू.

"कुठं बसतोय काय बघावं म्हटलं," तो म्हणाला. "नळात तर बसंना झालाय."

त्याचं नाव शशिधर. मूळचा जयसिंगपूरचा. बँकेतल्या बदलीने कोल्हापुरात आलेला आणि कळंब्याला एक जुनं बैठं घर घेऊन बसलेला. अगदी बसलेलाच, कारण आधी काय दुरुस्त करावं तेच त्याला कळत नव्हतं. फरशी, मोरी की छत?

"छत गळतंय?" रक्षिताने विचारलं.

"गळतंय की."

"मग विचारताय काय? डोक्यावरचं आधी. पायाखालचं मागनं."

"तुमचा धंदा हाय काय हा?"

"दूध संघाच्या लॅबमध्ये हाय मी. दुधात पाणी किती ते बघते. छतातलं बघायला आपोआप शिकले."

तो हसला. तीही हसली… आणि तिचा स्वतःचा खिळ्यांचा पुडा दुकानातच राहिला. आता खिळे विसरणारी मुलगी नव्हती ती. पण त्या दिवशी विसरली खरी.

मग रविवार दुकानातच जाऊ लागले. छत झालं. आता काय? मोरी. फरशी कसली घ्यायची? खरखरीत, नाहीतर आपटाल. एकदा परतीच्या पावसाने गाठलं, तेव्हा एकाच छत्रीतून दोघं बसस्टॉपपर्यंत गेले. छत्री सगळी तिच्याकडे कललेली.

"तुमचा खांदा भिजतोय," ती म्हणाली.

"भिजू दे. तुम्हीच सांगितलंय की… डोक्यावरचं आधी."

तिने मान वळवून पावसाकडे बघितलं. तो माणूस तिला आवडत होता. चांगलाच आवडत होता, आणि म्हणूनच तिला धास्ती वाटत होती.

रक्षिता मंगळवार पेठेत आईबरोबर राहायची. आईचं नाव मल्लव्वा, पण सगळी गल्ली तिला अव्वाच म्हणायची. दोघींचा एक नेम होता. दिवाळीच्या आधी घरातलं एक काम उरकायचं. गच्ची झाली, स्वयंपाकाचा ओटा झाला. यंदा फाटक बदलावं की न्हाणीघराच्या फरश्या, यावर रोज जेवताना खल चाले. आणि शेवटी अव्वा दरसाल म्हणायची तेच म्हणायची, "यंदा रंगकाम काढू या की गं."

"पुढच्या वर्षी," रक्षिता म्हणायची आणि ताट उचलायची.

त्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी शशिधर तिच्याकडून नेलेला पाना परत द्यायला आला. अव्वाने कानडी वळणाने "बा, बा, आत ये की" म्हणत दार उघडलं. पण तो अंगणातच थबकला. घराची पुढची बाजू पिस्ता रंगाची आणि बोळाकडची जुनी, पिवळट, पोपडे धरलेली. मधे उभी रेघ, मारता मारता ब्रश थांबल्यासारखी.

"अर्धंच रंगवलंय व्हय?" तो कोल्हापुरात येऊन शिकलेल्या मोठ्या आवाजात म्हणाला. "रंग संपला काय?"

अव्वाने मान खाली घातली. रक्षिताने त्याच्या हातातून पाना घेतला. "उशीर झालाय. निघा तुम्ही."

पुढचे रविवार ती दुकानात गेली नाही. फोनही उचलला नाही.

मग तिला शोधत गल्लीत आलेल्या शशिधरला समोरच्या चिमणाबाईने गाठून सांगितलं. आपल्याकडे बिनकारणी कोण घर रंगवतं? रंगकाम निघालं की गल्लीला कळतं, लगीन आहे. रक्षिताचंही ठरलं होतं. पुढची बाजू रंगवून झाली आणि पोराकडच्यांचा फोन आला, जमत नाही. पेंटर शिडी घेऊन गेले. आता भिंतीला ब्रश लागला की गल्ली विचारणार, "कुणाचं लगीन?" आणि त्या प्रश्नाला पोरीकडे उत्तर नाही.

दसरा झाल्यावर, ऊन चांगलं पडलेल्या एका सकाळी शशिधर फाटकाशी उभा राहिला. शर्टाच्या बाहीवर पांढरे शिंतोडे होते.

"घर रंगवलं मी," तो म्हणाला. "सगळं. बाहेरनं, आतनं."

"मोरी राहिली असेल," रक्षिता दारातूनच म्हणाली.

"झाली की मोरी. पण पंचाईत झालीया. शेजारच्या आक्का विचारत्यात, लगीन कधी? मांडववाल्याचा नंबर देऊन गेल्या. मी म्हटलं, मला ठाऊक न्हाय. तर म्हणाल्या, जिला ठाऊक हाय तिला विचारून ये जा."

ती पायरी उतरून अंगणात आली. 

"रंगकाम काढलं की लोक काय म्हणतात… तुम्हाला माहीत नव्हतं?"

"जयसिंगपूरचा हाय मी, लंडनचा न्हाय." मग त्याचा आवाज खाली आला. "तुमच्या भिंतीला मी हात लावणार न्हाय. तुम्ही म्हणाल तवाच. पण म्हटलं, लोकांनी जरा मला बी विचारू दे. तुम्हालाच एकटीला किती विचारायचं?"

"आणि मी न्हाय म्हटलं तर?"

"तर रंगवलेल्या घरात बसंन एकटा. लोक विचारतील. तुम्ही सोसलंसा, मी बी सोसंन."

 आजवर लोकांनी रक्षिताला धीर दिला होता, कीव केली होती, स्थळं आणली होती. तिच्या शेजारी येऊन उभं मात्र कुणी राहिलं नव्हतं. ती तडक आत गेली. फाटकाशी शशिधर उभाच. चूक झाली की काय, त्याला वाटलं…

ती आली ती माळ्यावरची शिडी ओढत. दुसऱ्या हातात खरवडायची पट्टी.

"हा पिस्ता आधी सगळा निघाला पाहिजे," ती म्हणाली. "जुन्यावर नवा रंग बसत नसतो. धरा शिडी."

ती वर चढली आणि पट्टी घासली. पिस्ता रंगाचे पोपडे शशिधरच्या केसांवर पडू लागले. त्या खरखरीने समोरची खिडकी उघडली नसती तर नवलच.

"रक्षे!" चिमणाबाई ओरडली. "रंगकाम काढलंस व्हय गं? कुणाचं लगीन?"

अव्वा दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली. रक्षिताची पट्टी क्षणभर थांबली. मग अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"माझं, काकू!"

खाली शशिधरचे दोन्ही हात शिडीवरून सुटले. शिडी डुगडुगली.

"अवो, धरा की!" रक्षिता भिंतीला बिलगत ओरडली. "हसायचं मागनं. शिडी आधी!"