कुठंच न बसणारा डबा

शेवटच्या साध्या शनिवारी बाबांनी धूळ काढायला गेमिंग कॉम्प्युटर उघडला होता. आई शेजारी स्क्रूंची वाटी धरून बसली होती. पुण्याहून लवळ्याला घरी आलेली गौतमी मोबाइलवर ऑफिसच्या मेल वाचत होती.

"नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं," बाबा म्हणाले, "तर हा एसएमपीएस पुरत न्हाई." आतला वीज पुरवणारा लोखंडी डबा त्यांनी बोटानं वाजवला. "कंपनीचं मापच येगळं. काढून पुण्याला नेला, दुकानं हिंडलो. ह्या मापाचा दुसरा मिळत न्हाई, आन् हा दुसऱ्या कशात बसत न्हाई."

"मी तयार कॉम्प्युटर आणला तेव्हा खूश होतात की," गौतमी म्हणाली.

"आताबी हाय. सुटे भाग आणून दोघं मिळून जोडू म्हणत होतो, एवढंच. तुला येळ नव्हता." त्यात तक्रार नव्हती. त्यांनी हात पुढे केला. आईनं न विचारता नेमका स्क्रू दिला.

मंगळवारी बाबा गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी आणि पंगत झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ प्रमोदनं गौतमीला हाक मारली. कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. विकायचं गौतमीनंच ठरवलं होतं. आईला तो चालवता येत नव्हता. ठेवायचा कशाला?

प्रमोदनं बाजूचा पत्रा ओढला. तो नुसता हातानं निघाला, स्क्रू नव्हतेच. आत डब्याची जागा रिकामी होती.

"इंद्रजित," प्रमोद म्हणाला. वरच्या खोलीतला भाडेकरू, लवळ्यातल्याच कॉलेजात शिकणारा. "हितं दुसऱ्या कुणाला खोलता येतोय? संध्याकाळपातुर खोली सोडायची त्यानं."

"परीक्षा आहे त्याची."

"मग चोरी कशाला करायची?"

गौतमीला भांडायचं त्राण नव्हतं. ती वर गेली. इंद्रजितनं स्वतः सुटे भाग आणून असेंबल केलेला कॉम्प्युटर टेबलावर उघडाच होता.

"काल बाबांच्या खोलीत गेला होतास?"

"नाही ताई. मी पंगतीत वाढत होतो."

"एसएमपीएस गेलाय."

"काकांचा? तो कोण नेईल? आतलं ग्राफिक्स कार्ड आहे जागेवर?"

"आहे."

"मग मी बॅग भरायची की नाही, तुम्हीच ठरवा."

ती खाली येऊन पुन्हा कॅबिनेटपुढं बसली. वायरी तुटल्या नव्हत्या. एकेक पिन दाबून हळूच सोडवली होती. मोकळ्या वायरी एकत्र करून जुन्या सुती चिंधीनं बांधल्या होत्या.

"प्रमोद, आज गिऱ्हाईक येणार हे तू कुणाला सांगितलंस?"

"काल जेवताना बोललो की. सगळीच होती."

"आईला विचारलंस?"

"काकीला काय इचारायचं त्यात? तू व्हय म्हणालीस."

गौतमीनं इंद्रजितला खाली बोलावलं. तिघं स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती.

"इंद्रजितनं नेलं असतं तर महागाचं कार्ड नेलं असतं," गौतमी म्हणाली. "ते त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसतं. नेलाय तो डबा, जो कशातच बसत नाही. म्हणजे नेणाऱ्याला डबा नको होता. हा कॉम्प्युटर घराबाहेर जाऊ नये, एवढंच हवं होतं."

"मग दुसरा डबा घालू की," प्रमोद म्हणाला.

"असेंबल केलेला असता तर तू पिरंगुटहून आणून आजच बसवला असतास. ह्याला मिळत नाही. हे इंद्रजितला माहीत होतं, पण कॉम्प्युटर राहिला काय, गेला काय, त्याला सारखंच. मला माहीत होतं, आणि विकायला मीच काढला. तिसरं माणूस त्या शनिवारी वाटी धरून बसलं होतं. वायरी चिंधीनं बांधणारा चोर मी तरी पाहिला नाही." तिचा आवाज खाली आला. "आई, स्क्रू कुठं आहेत?"

आईचा हात थांबला नाही. "मिठाच्या बरणीमागं. डबा तांदळाच्या पिंपात हाय. टावेलात गुंडाळलाय."

"काकी, तू?" प्रमोद म्हणाला. "बोलायचं की मग."

"कुणापाशी? माणूस जाऊन चार दिस न्हाई झालं, आन् मला गेम पायजे म्हणू? पंगतीत?" आईनं सूप खाली ठेवलं. "ते त्यात ट्रक चालवायचे, मी रस्ता सांगायची. मला न्हाई चालवता येत. रस्ता कळतोय पण." मग ती इंद्रजितकडं वळली. "तुझं नाव घेतील असं वाटलं न्हाई रं. चुकलं माझं."

"असू द्या काकू," तो म्हणाला. "मी लावून देऊ?"

"नको," गौतमी म्हणाली. "प्रमोद, गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव. आई, वाटी घे."

गौतमीनं आजवर त्या कॅबिनेटला हात लावला नव्हता. आई सांगत गेली: ही पिन आधी, ती मागनं, जोर करू नको. गौतमीनं बटण दाबलं. पंखा फिरला. आईनं दाखवलेला गेम तिनं उघडला. पडद्यावर बाबांचा ट्रक एका घाटात कडेला उभा होता, दिवे चालू.

गौतमीच्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच होता. तिनं रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "वेळ होता मला."