दोन-दोनवर सुटलेली फायनल

दिवा राहू द्या, मालवू नका. घाबरू नका हो, गोष्ट तशी हसण्याचीच आहे. निदान येत्या रविवारपर्यंत तरी.

माझे सासरे राजाभाऊ कोल्हापूरचे, म्हणजे फुटबॉलचे. तिथं माणसाची पेठ आधी विचारतात, आडनाव मागून. बायपासनंतर शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी नर्सला पहिलं विचारलं, "आमची पेठ जिंकली का?" तिला माहीत नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही. गेल्या ऑक्टोबरात ते आमच्याकडे जर्मनीत, गेर्लिंगेनला आले, तेव्हा माझ्या बायकोनं, ईप्सितानं, मला दम भरला होता, "शिरीष, बाबांसमोर मॅचचा विषय काढायचा नाही. त्यांना एक्साइटमेंट चालत नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं मेथी आणायला बाहेर पडलो. परतताना स्टेडियमजवळच्या स्टॉपवर ट्रामची वाट बघत उभे राहिलो. नेकार नदीवरून धुकं चढत होतं. आधी स्टेडियमचं छप्पर गेलं, मग रस्ता गेला. ओल्या पानांचा वास येत होता, आणि त्यात कोळशाच्या धुराचा. इथं आता कोळसा कोण जाळतं, असं मला वाटून गेलं. बाकावर एक म्हातारी चाकांची पिशवी धरून बसली होती. बोलताना आमच्या तिघांच्याही तोंडातून वाफ निघत होती.

धुक्यातून एक तरुण आला. अंगात निळसर करडा लष्करी कोट, कॉलरवर पंख. हॅलोविनचा दिवस होता, मला वाटलं सोंग असेल. तो थेट राजाभाऊंसमोर उभा राहिला, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या.

राजाभाऊ खुलले. "दोन-दोन? कुणाची मॅच हो?"

"निकाल सांगू नका त्याला..." म्हातारी जर्मनमध्ये कुजबुजली. मी तिचं बोलणं हळूच राजाभाऊंना सांगत गेलो. युद्धाच्या दिवसांत, त्रेचाळीस साली, कपची फायनल इथंच झाली होती. व्हिएन्ना विरुद्ध हॅम्बर्गचा हवाई दलाचा संघ. दोन-दोन झाले आणि याची रजा संपली. आघाडीवर जाणारी गाडी गाठायला तो मॅच सोडून गेला, तो परत आलाच नाही.

"माझ्या नवऱ्यानं त्याला निकाल सांगितला," ती म्हणाली. "मग तो दर शनिवारी आमच्याकडे मॅच बघायला यायला लागला. तो बसायचा ते सोफ्याचं टोक कायम गार. पोरगा वाईट नाही. पण मे महिन्यात सीझन संपला आणि जाताना... माझ्या नवऱ्याला घेऊन गेला."

मी राजाभाऊंचा दंड धरला. "बाबा, ट्राम येतेय. चला."

त्यांनी हात झटकला. "निकाल न सांगता माणसाला असं टांगून ठेवायचं? पाप लागंल, जावईबापू. मोबाईलमध्ये बघा."

"नेट नाही."

"खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

त्यांनी स्वतःच्या फोनवर शोधलं. एक्स्ट्रा टाइम, तीन-दोन, व्हिएन्ना. मग तरुणाच्या कॉलरवरच्या पंखांकडे बोट करून त्यांनी दोन बोटं दाखवली, आणि दुसऱ्या हाताची तीन. तो बोटांकडे बघत राहिला. मग त्यानं लांब श्वास सोडला. त्याच्या तोंडातून वाफ निघाली नाही.

राजाभाऊंनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "जाऊ दे लेका. पुढच्या सीझनला बघू! कोल्हापूरला ये."

तो हसला. म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

डिसेंबरात राजाभाऊ कोल्हापूरला परतले. पहिल्याच मॅचला त्यांनी स्टेडियममधून व्हिडिओ कॉल केला. भर उन्हात डोक्याला कानटोपी. स्टँड खचाखच भरलेला, फक्त त्यांच्या शेजारची जागा रिकामी.

"आपलं ते पोरगं आलंय," ते म्हणाले. "शेजारी जरा गारठा आहे, एवढंच. मॅच संपली की मनगटाला बोट लावतंय, गाडीची वेळ झाली म्हणून. मी म्हणतो, थांब की, पुढच्या रविवारी अजून एक आहे. लगेच बसतंय!"

मला हसू आवरेना. ईप्सिता हसली नाही. पण खरं सांगतो, डॉक्टर चाट पडले होते. राजाभाऊंची तब्येत ठणठणीत झाली, आवाजही पूर्वीसारखा खणखणीत.

काल पुन्हा त्यांचा कॉल आला. सेमीफायनल संपत आली होती.

"रविवारी फायनल, जावईबापू! नाद खुळा होणार!"

"आणि... त्यानंतर, बाबा?"

"त्यानंतर काय, पावसाळा. मैदान बंद."

ईप्सितानं कोल्हापूरला जायला शुक्रवारचं तिकीट काढलंय. मी मात्र पावसाळ्यातही चालणारी एखादी स्पर्धा शोधतोय. गल्लीतली असो, पोरांची असो, काहीही चालेल. कारण त्या कॉलमध्ये शेवटी शेंगदाणेवाला रिकाम्या जागेवरून वाकून राजाभाऊंना पुडी द्यायला आला. "घ्या, काका," म्हणाला, आणि भर मे महिन्यात त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

राजाभाऊ तिथंच बसून खदखदा हसत होते. त्यांच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.