अजून ठरलं नाही

दारावरची थाप इतकी जोरात होती, की मार्लिसला वाटलं शेजारचं घर पेटलंय.

तिने दार उघडलं. बाहेर नोव्हेंबरचं मरगळलेलं आभाळ होतं आणि पायरीवर एक उंच, सावळा तरुण. पायांत कापडी बूट, तेही बर्फाच्या चिखलाने भिजून काळे पडलेले. हातात कागद अडकवलेली फळी होती, आणि ओठांवरचं हसू थंडीने तिथेच गोठलं होतं.

"नमस्कार! मी — रूबेन — काबराल!" तो एकेक शब्द तोडून ओरडला. "मार्लिस — वेसेली — आजी — आहेत का?"

"आजी गेल्या. सहा वर्षं झाली. आणि ओरडू नका, माझं कुत्रं म्हातारं आहे."

त्याने कागदात डोकं घातलं. "इथे तर लिहिलंय... वय चौऱ्याऐंशी. ऐकायला कमी येतं."

"तिचंच नाव मला ठेवलंय. वय सत्तावीस. ऐकायला येतं."

त्याचे कान लाल झाले. थंडीने नव्हे, हे मार्लिसला कळलं आणि उगीचच बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत तिला असं उगीच बरं वाटलं नव्हतं.

"म्हणजे मेलेल्या बाईंचं मत मागायला मी थेट न्यूअर्कहून आलो," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात हे सांगितलं तर..."

"आत या आधी. बूट काढा. पाय गळून पडले तर माझ्या पायरीवर नकोत."

दर चार वर्षांनी आमच्या केटल ग्रोव्हला असे पाहुणे येतात. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, याचा पहिला कौल आमच्या आयोवा राज्याचा. म्हणून एरवी ज्या गावात टपालवालासुद्धा रेंगाळत नाही, तिथे मोठमोठे सेनेटर चर्चच्या तळघरात येऊन आमच्या हातची चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, खातात. पुढे हिवाळा सरतो, पाहुणे दुसऱ्या राज्यात जातात, आणि गाव पुन्हा आपलं रिकामं होऊन बसतं. मार्लिसने हे लहानपणापासून पाहिलं होतं. पाहुण्यांत जीव गुंतवायचा नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

रूबेन सेनेटर प्रुइटबाईंसाठी काम करत होता. त्याच्या यादीत प्रत्येक घराला एक ते पाच आकडा द्यायचा असे. एक म्हणजे आपला माणूस. पाच म्हणजे तोंडावर दार आपटणारा. तीन म्हणजे अजून न ठरलेला.

"एक आणि पाचकडे आम्ही पुन्हा फिरकत नाही," स्वयंपाकघरात कॉफीच्या कपाला दोन्ही हातांनी धरत त्याने सांगितलं. "तीनवाल्यांकडे मात्र दर आठवड्याला जायचं. साहेबांचा हुकूम आहे."

"मग मी तीन," मार्लिस म्हणाली.

बोलून गेली आणि कुत्र्याच्या वाडग्यात पाणी ओतायला उठली. वाडगं भरलेलंच होतं.

खरं तर तिचं ठरलं होतं, कधीच. सप्टेंबरात प्रुइटबाई चर्चच्या तळघरात आल्या होत्या. समोर माणसं मोजून एकोणीस. मार्लिसच्या बहिणीने, डीनाने, उभं राहून सांगितलं होतं, की जिल्ह्याच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला, पुढचं इस्पितळ सत्तर मैलांवर, आणि तिचं बाळ त्या रस्त्यातच गेलं. बोलताना डीना दोनदा थांबली. प्रुइटबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, की मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून डीना पुन्हा घराबाहेर पडू लागली. प्रुइटबाईंची पत्रकं वाटत ती दारोदार फिरे, आणि मार्लिसला ते पुरेसं होतं.

पण हे सगळं रूबेनला सांगितलं असतं, तर ती झाली असती एक. आणि तो पुन्हा आला नसता.

तो आला. दर गुरुवारी, ती धान्यकोठारावरच्या वजनकाट्याचं काम आटपून घरी पोचली की अर्ध्या तासात. दुसऱ्या खेपेला तिने त्याला भावाचे जुने बूट दिले. तिसऱ्या खेपेला चिली आणि सोबत दालचिनीचा गोड रोल.

"हे दोन्ही एकत्र खायचं?" त्याचा चमचा हवेतच थांबला.

"शाळेत आम्हाला असंच मिळायचं."

"तुम्हा लोकांना देशाने पहिलं मत द्यायला दिलं, आणि तुम्ही तिखटाबरोबर केक खाता..."

"आवडलं नाही?"

"अजून ठरलं नाही," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "पुढच्या गुरुवारी पुन्हा खाऊन बघतो."

मार्लिस खिडकीकडे वळून हसली. बाहेर मक्याची रिकामी शेतं काळोखात बुडत चालली होती. दिवस किती लवकर संपतो, याचा तिला त्या वर्षी पहिल्यांदाच राग आला.

डिसेंबरात दोघं "तुम्ही"वरून "तू"वर आले. न्यूअर्कविषयी तो भरभरून बोले, आजोबांची बेकरी, गल्लीतलं पोर्तुगीज भांडण, सगळं. एकदा मात्र म्हणाला, "आमच्याकडे मतदान जूनमध्ये. तोवर पंगत उठलेली असते. मी इथे येईपर्यंत एकही उमेदवार जवळून पाहिला नव्हता, मार्लिस. आम्हाला कुणी विचारतच नाही."

"आम्हाला फार विचारतात. आणि मग निघून जातात."

 तो रोलचा तुकडा बोटांत कुस्करत राहिला.

"इथे बाई पडल्या तर..." तो म्हणाला, "पहिल्या तिघांत नाही आल्या, तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मग मी मोकळा."

"कोठारावर हिवाळ्यापुरता माणूस हवाय."

"मला वजनकाटा शिकवशील?"

"तुला बूट घालायला शिकवलं, तेही शिकवेन."

पुढच्या गुरुवारी तिने नोकरीचा अर्ज टेबलावर ठेवला, थट्टेतच. त्यानेही थट्टेतच नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि खाली सही करताना मात्र त्याचा हात जरा थांबला. सही त्याने केली. मार्लिसने अर्ज घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

कौलाचा सोमवार उजाडला तो धुक्यातच. संध्याकाळी सातला शाळेच्या व्यायामशाळेत सत्त्याऐंशी माणसं जमली. आमच्याकडे मतपेटी नसते. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. शंभरात पंधरा माणसं ज्याच्या कोपऱ्यात नाहीत, तो उमेदवार तिथे बाद, आणि त्याच्या माणसांनी दुसरीकडे जायचं. मग पाव तास मिळतो. त्यात मन वळवा, मन बदला, काय ते करा.

बाहेरगावच्यांना मत नसतं. त्यांनी भिंतीला टेकून दोरीपलीकडे उभं राहायचं. रूबेन तिथे होता, मार्लिसच्या भावाच्या जुन्या बुटांत.

मार्लिस "न ठरलेल्यां"च्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिथे तिच्यासह चौघंच. का, हे तिचं तिला माहीत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. हात कोटाच्या खिशात होता. बोटांना अर्जाची घडी लागत होती.

निवृत्त शिक्षिका होल्ट्झबाईंनी वर्गातल्यासारखी डोकी मोजली. "सत्त्याऐंशीत चौदा लागतात. प्रुइट... तेरा. एक कमी. पाव तास आहे तुमच्याकडे."

प्रुइटबाईंच्या कोपऱ्यात कुजबुज झाली. तेरा जणांत बहुतेक म्हातारी माणसं होती. मधोमध डीना, छातीवर पत्रकांचा गठ्ठा घट्ट धरून. ती धाकट्या बहिणीकडे बघत होती. हाक मारत नव्हती, नुसती बघत होती.

"मार्लिस, ये की गं इकडे!" म्हाताऱ्या क्लाइडने हात हलवला. "तुझ्या त्या गुरुवारच्या पाहुण्याने इतकी कॉफी ढोसली, तिची तरी लाज राख!"

व्यायामशाळा हसली. मार्लिसने भिंतीकडे पाहिलं.

रूबेन तिच्याकडेच बघत होता. त्याला बोलायची मुभा नव्हती. त्याने मान हलवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, इतकी हळू की दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती.

नको येऊस.

तीन महिने पायपीट केलेला माणूस, अख्खा हिवाळा ज्या तेरा माणसांसाठी झिजला त्यांच्यादेखत, मला हरू दे म्हणत होता. इतकं मोठं तिच्यासाठी कधी कुणी काही मागितलं नव्हतं. मार्लिसचे डोळे भरून आले. तिला त्या दोरीपाशी जायचं होतं. तिला तो हवा होता, बर्फ वितळेपर्यंत, आणि नंतरही.

"पाच मिनिटं राहिली," होल्ट्झबाई म्हणाल्या.

डीनाच्या हातातली पत्रकं खाली सांडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. त्या रस्त्यावरून इस्पितळातून परत आल्यावर ती अशीच पाळण्यावर वाकून उभी असायची. आता तिला सांगणार होते, बाई, तुमचा कोपरा मोडला, दुसरीकडे जा.

मार्लिस चालू लागली. लाकडी जमिनीवर तिच्या बुटांचा आवाज फार मोठा वाटला. ती डीनाशेजारी खाली बसली आणि पत्रकं गोळा करू लागली.

"चौदा!" क्लाइड ओरडला.

तिने भिंतीकडे पाहिलं नाही. पाहण्याचा धीर झाला नाही.

गावोगावच्या व्यायामशाळांत अशीच कुणी कुणी पावलं उचलली असतील. प्रुइटबाई तिसऱ्या आल्या, अगदी थोडक्यात. तिसरा नंबर म्हणजे पुढच्या राज्याचा रस्ता मोकळा. आठ दिवसांवर न्यू हॅम्पशर होतं, आणि ऑफिसातली माणसं दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली.

रूबेन निघण्याआधी तिच्या पायरीवर आला. या वेळी त्याने दार हलकेच वाजवलं.

"मी मान हलवली होती," तो म्हणाला.

"दिसली."

"मग?"

"डीना उभी होती तिथे..." ती म्हणाली. "आणि खोटं कशाला बोलू, मी सप्टेंबरपासून तिथलीच होते. तुला खोटं सांगत आले. तू यावास म्हणून."

 मग त्याने फळीवरचा एक कागद काढून तिच्या हातात दिला. तिच्या नावापुढे गुरुवारांच्या तारखा होत्या, दहा. प्रत्येकीपुढे पेन्सिलीने तीन. तीन. तीन. तीन.

"डीनाने मला दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू एक आहेस हे मला तेव्हाच कळलं. तरी मी तीनच लिहीत गेलो. साहेब म्हणायचे, काय हट्टी बाई आहे!"

ती हसली आणि हसता हसता रडली. त्याने तिचं थंड नाक आपल्या मफलरने पुसलं, मग तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि तसाच उभा राहिला. रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाही..."

"जा आता. उशीर होतोय."

"थांब म्हण."

तिच्या ओठांवर तोच शब्द होता. पण आत रात्री इथेच राहिलेली डीना नाश्ता करत होती, आणि कित्येक महिन्यांनी ती काहीतरी गुणगुणत होती.

"जा," मार्लिस म्हणाली.

न्यू हॅम्पशरहून तो रोज फोन करायचा. नेवाडाहून दिवसाआड. साउथ कॅरोलायनात प्रुइटबाईंनी माघार घेतली, तेव्हा त्याने विमानतळावरून फोन केला. जिंकत आलेल्या उमेदवाराने त्याला बोलावून घेतलं. मग ओहायो, मग पेनसिल्व्हेनिया. क्रमाने एकेक राज्य लागत गेलं आणि क्रमाने तो दूर गेला. शेवटचा फोन जूनमध्ये, न्यूअर्कहून.

"आज आमचं मतदान झालं," तो म्हणाला. "कागदावर बाईंचं नाव अजून छापलेलं होतं. मी त्यांनाच दिलं. काही उपयोग नाही, माहितेय."

"माहितेय," मार्लिस म्हणाली. "आणि... बरं केलंस."

तिने फोन ठेवला.

चार वर्षांनी पक्षाने क्रम बदलला. पहिला मान दुसऱ्या राज्याला गेला. त्या हिवाळ्यात केटल ग्रोव्हला कुणी आलं नाही. चर्चच्या तळघरात चिली शिजली ती फक्त आमच्यापुरती. व्यायामशाळेत आता माणसांनी जमायचंही नव्हतं. मताचं कार्ड टपालाने घरी येणार आणि टपालानेच परत जाणार. डीना लग्न करून डेमॉइन शहरात गेली होती. म्हातारं कुत्रंही गेलं होतं.

एका गुरुवारी कामावरून परतल्यावर मार्लिसने ते पाकीट फोडलं आणि कोटही न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. कार्डावर नावं छापली होती. कोण हवं, ते तिचं केव्हाच ठरलं होतं. नावांच्या तळाशी आणखी एक चौकोन होता: अजून ठरलं नाही.

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर बर्फ पडत होतं, पायरीवर कुणाच्या बुटांची खूण नव्हती. तिने पेन्सिल उचलली, त्या शेवटच्या चौकोनात नीट, ठळक खूण केली, आणि पाकिटाला तिकीट लावलं.