शेवटच्या नटाची लाली

हसा लेको, हसून घ्या. लोवेलही असाच दात काढायचा. आमच्याच ओहायोतला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, मेलेल्या माणसाचीही खोडी काढणारा. त्याचा थोरला भाऊ हार्लन इंजिनाचा नट मनासारखा बसला की त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. हार्लन गेला, तेव्हा लोवेलने ती बाटली गुपचूप त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली. शवपेटीवर झाकण पडलं, बाटली मातीत गेली.

पुढच्या ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. पहिलं दव गोठलं, ती रात्र. सकाळी हार्लनच्या पोरीचं, कोरीनचं लग्न. बापाच्याच सत्तावन्न सालच्या गाडीतून चर्चला जायचा तिचा हट्ट. पण गाडी टकटक करत होती. इंजिनातला एक व्हॉल्व्ह जुळवायचा हार्लनच्या हातून राहून गेला होता.

"काका, जमेल ना रे? बाबा तर नाहीतच. निदान गाडी तरी..."

"तुझ्या बापापेक्षा बरं जमेल! जा, झोप. जांभया देणारी नवरी बघून पाद्री पळून जाईल."

शेडमध्ये त्याने इंजिनावरचं झाकण उतरवलं. सगळ्या नटांवर लाल ठिपके. एकच कोरा.

त्या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे खुंट, तेलाने फुगतात, तिथे फट ठेवायचीच नसते. नटाखालची, टॅपेटवर टेकलेली दांडी बोटांत फिरवत नट आवळायचा. दांडी अडखळली की फट संपली. मग नट आणखी अर्धा फेरा आवळायचा. हार्लन जन्मभर ओरडायचा, "फट ठेवू नको, गाढवा! ट्रॅक्टर आहे का हा?"

पण हाताची सवय. लोवेलने फट मोजायची पत्ती आत घातलीच.

ओढली. निघेना.

पाना तर अजून बाकावर होता, नट त्याने आवळलाच नव्हता...

मग पत्ती कुणीतरी उपसून फेकल्यासारखी उडाली. फरशीवर टण्.

"कोण आहे?"

त्याने दांडी चिमटीत धरली. दांडी फिरली. उलटी. खालून कुणीतरी फिरवत होतं. मग अडखळली. थांबली.

नट हलला. हळू... अर्धा फेरा.

आणि वास आला. नेलपॉलिशचा.

"हार्लन?... अरे, गंमत केली रे मी..."

दिवा विझला. लोवेल पळाला तो अनवाणीच, बूट शेडमध्ये राहिले.

सकाळी कोरीनने गाडी चालू केली. टकटक नाही. मांजर झोपल्यासारखं इंजिन.

"काका, कमाल केलीस!"

लोवेलने तिला इंजिन बंद करायला लावलं. झाकण जागेवर बसलेलं होतं, ते त्याने बसवलं नव्हतं. त्याने ते उघडलं. कोऱ्या नटावर लाल ठिपका.

त्याने बोट लावलं.

ओलं होतं.