स्वच्छ वीज

माधवनगरला भावोजींचा बंगला यंत्रमागांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर होता, आणि त्यांच्या सगळ्या दुःखाचं मूळ म्हणे तेच होतं. माग सुरू झाले की वीज घाण होते, ॲम्प्लिफायर गुणगुणतो, गाणं मळतं. म्हणून शहाण्णव साली त्यांनी पुण्याहून फिल्टरची एक जड, काळी पेटी आणली. भिंतीतली वीज पेटीत, पेटीतून यंत्रांना. "वीज गाळून घेतो मी," ते येईल त्याला सांगत.

मी साताऱ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये वीज आतच गाळली जाते, बाहेरच्या पेटीने फारसं काही होत नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण त्या दुपारी मी त्यासाठी आले नव्हते. आदल्या दिवशी ताईचं वर्षश्राद्ध झालं होतं आणि मला तिची कॅसेट हवी होती. ताई म्हणजे चारुशीला, माझी थोरली बहीण, या विष्णुपंतांची बायको. तिचा आवाज जगात त्या एकाच कॅसेटवर होता.

विष्णुपंत सांगलीतले नावाजलेले कानसेन. दुपारी ते ऐकायला बसले की घरात कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. आणि ताईने हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या. सवाष्ण बाई रोज दुपारी भुंड्या हातांनी घरात वावरायची. शेजारणी बघतील म्हणून मागच्या दारालाही जायची नाही. हे आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"कॅसेट?" भावोजी म्हणाले. "तिच्यावर एका बुवांची मैफल टेप केली मी, मागच्या महिन्यात. दुसरी कोरी नव्हती घरात."

"ताईचं भजन होतं तिच्यावर."

"अगं, घरगुती गुणगुणणं ते. त्यात काय होतं ऐकण्यासारखं?"

बोलले असते तर माझा हात उठला असता.

आणि वर त्यांनी तीच कॅसेट लावली, पेटीची करामत दाखवायला. मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः प्लगशेजारच्या खुर्चीवर बसले. दर वेळी यंत्र थांबवून कधी पेटीतून वीज दिली, कधी थेट भिंतीतून. त्यांना फरक काही ओळखता येईना. चेहरा पडला त्यांचा. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

शेवटी वीज पेटीतून ठेवली. बुवा समेवर आले, क्षणभर थांबले. तेवढ्या जागेत बांगड्या वाजल्या.

काचेच्या. पदराला हात पुसताना वाजतात तशा.

"बांगड्या काढ!" भावोजी ओरडले. इतक्या वर्षांची सवय.

स्वयंपाकघरातून बयाबाई दारात आली. आटपाडीकडची, ताईच्या वेळेपासून स्वयंपाकाला होती. तिने दोन्ही मोकळे हात पुढे केले.

"माज्या हातात कुटं हायत्या सायेब? मालक गेल्यापास्नं घालत न्हाई मी."

ती आत गेली. भावोजींनी माझ्या मनगटांकडे पाहिलं. माझ्या हातात घड्याळ होतं फक्त.

मग तबला बारीक होत गेला. मागोमाग तानपुरा. मग बुवा. चाळणीतून कोंडा वेगळा व्हावा तसे एकेक निघून गेले आणि खाली ताई राहिली. स्वच्छ यमन, तिचं भजन, श्वाससुद्धा तिचाच. टेपवर एकदा पुसलं गेलेलं परत येत नाही, हे मी दर वर्षी मुलांना शिकवते. माझ्या डोळ्यांना धार लागली.

भावोजी ताडकन उठले. मागची खुर्ची फरशीवर आडवी पडली. तिचा आवाज झाला नाही.

"बंद कर, वल्लरी, बंद..."

एवढंच ऐकू आलं. ओठ हलत राहिले.

त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. ते आत गेलं. ताई गातच होती. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून आपटला. तो गडगडत माझ्या पायाशी आला, पाणी पसरलं, पण कानाला काही लागलं नाही. बाहेर माग मात्र नेहमीसारखे खडखडत होते.

मग त्यांनी माझ्या खांद्याजवळच्या प्लगकडे बोट दाखवलं. स्वतः यायला बघत होते, पण वाटेत स्पीकर होता, आणि त्याच्यासमोरून त्यांना पाऊल टाकवेना.

त्यांनी हात जोडले.

प्लग काढला तर ताई पुन्हा जाणार होती. पण तेवढंच कारण नव्हतं. ती राहणार असती तरी मी तो काढला नसता.

मी आवाज वाढवला.

भजन संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. थोड्या वेळाने आतून बयाबाईने विचारलं, "वल्लरीताई, सायेब झोपलं का? लय गपगार हायत."

समोर भावोजी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते.

"हो, झोपलेत," मी म्हणाले. "दार लोटून घे."