टेकडीवरची फिरती झाडं

“धागा माझ्याकडे दे! तू गाठ मारलीस की ती सुटलीच म्हणून समज!” ताई दबक्या आवाजात फटाक्यावर ओरडली.

फटाका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तोंड बंद ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं! सुट्टीत दोघं मामाकडे आली होती. मामा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर चालवायचा. त्याची छोटी मुलगी मुंगी मात्र खेळायचं सोडून दिवसभर खोकत पडलेली. कारखान्याचा धूर थांबला तरच खोकला थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

जुना कोळशाचा बॉयलर यंदा बंद होणार होता. पण कंपनीने कार्बन क्रेडिट घेतली आणि तो बेत बारगळला.

“क्रेडिट म्हणजे काय रे, मामा?” ताईने विचारलं होतं.

“आपण हवेत जेवढा कार्बन सोडतो, तेवढा शोषून घ्यायला दुसऱ्या कुणी झाडं लावायची. आपण त्याला पैसे द्यायचे. की झाली फिटंफाट!”

“म्हणजे गृहपाठ दुसऱ्याने करायचा आणि शाबासकी आपण घ्यायची!” फटाका म्हणाला. “आमच्या शाळेत का नाही असं?”

कंपनीच्या पैशांची झाडं गावाजवळच्याच टेकडीवर लावली होती. ती बघायला दोघं गेली, तर काय! सगळी रोपं प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात!

“मुळं पसरणार कुठे? ही लावलीत की नुसती ठेवलीत?”

“ठेवलीत! परत उचलायला!” फटाका म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

म्हणूनच आज क्रेडिटची झाडं मोजायला तपासनीस बाई यायच्या आत दोघं रोपांच्या बुडाशी लाल धागे बांधत होती.

दुसऱ्या दिवशी बाई ओढ्यापलीकडच्या टेकडीवर मोजायला गेल्या. झाडं लावायचे पैसे घेणारा ठेकेदार त्यांच्यावर छत्री धरून मागे मागे. तेवढ्यात मुलं धावत आली.

“बाई, ही झाडं तुम्ही काल पलीकडे मोजलीत! रातोरात इकडे आणलीत ती! बुडाशी बघा, आमचे धागे आहेत!”

“पोरं ती! काहीही बरळतात!” ठेकेदार हसला.

बाई वाकल्या. लाल धागा! शेजारच्या रोपालाही लाल धागा! त्यांनी एक रोप ओढलं, तर ते पिशवीसकट हातात आलं. ठेकेदाराचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

“शाब्बास!” दोन दिवसांनी मामाने दोघांच्या पाठी थोपटल्या. “मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही पकडलंत! ठेकेदाराला हाकललं, क्रेडिटही रद्द झाली!”

“म्हणजे बॉयलर बंद?” ताईने विचारलं.

मामाने नकारार्थी मान हलवली. “कंपनीने आज दुसरी क्रेडिट घेतली. कुठल्या तरी लांबच्या जंगलाची.”

“ते तरी खरं आहे का?”

“कोण जाणे! आपल्याला कसं कळणार?”

एवढं करून काहीच झालं नाही, या रागाने ताईला रडूच कोसळलं.

कारखान्याचा भोंगा झाला. मुंगी खोकत खोकत मामाच्या पायाला बिलगली. “बाबा, आज नको ना पेटवू!”

“मी नाही पेटवला तर दुसरा कुणीतरी पेटवेल गं,” मामा म्हणाला. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चपला घालून तो कामावर गेला.